एक कान वावरात

जुना गेला.
माळ्याच्या खिळ्यात वायर अटकली
अन् म्या डुकरामागं उडी मारली.
मी गेलो धुऱ्यापर्यंत, तो राह्यला माळ्यावर,
मधातून तुटला.
तसा तो आधीबी दोनदा मेला होता.
एकदा सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून उठवला,
एकदा पोरीच्या नखपॉलिशनं.

बाजाराच्या दिवशी आर्वीले गेलो.
खिशात तीनशे साठ.
त्यातून यायची-जायची एष्टी, बॅटरीचे सेल,
अन् गुणवंताचा खर्रा.
तो पैसे देत नाही, पण माझ्याबी वावराचे हाकारे देते.
उरले एकशे ऐंशी.
एवढ्यात बसवा लागते कान.

काचेमागं टांगले होते
वाळू घातलेल्या चवळीच्या शेंगांवानी,
पांढरे, काळे, एक तर मिरचीवानी लाल.
दुकानातला अंकुश, आमच्या आचलच्या वर्गातला,
म्हणे काका, हा पाहा, साडेचारशेचा,
कानात घातला का जग बंद.
लावून दाखवला.
खरंच बाप्पा,
एष्टीचा भोंगा गेला, भज्याची कढई गेली,
अंकुशचं तोंड हलत राह्यलं
मासोळीवानी.

म्या काढून ठेवला.
म्हटलं, जग बंद करून मले काय करायचं?
हरभऱ्यात डुक्कर शिरते तवा
घाटे मंग मोडतात, आधी ते फुसफुसते.
रोही तर तेवढंबी नाही.
त्याचा ओल्या ढेकलात पाय वाजते,
एकदाच. मंग थांबते.
तोबी आयकत असते.
हे ज्यात आयकू येईन, असा दाखव.
अंकुश म्हणे, असा कोणी मागत नाही.

मंग बिनवायरीचे काढले, डबीत झोपलेले दोघं.
स्वस्तातले, तरी दोनशे वीस.
त्याइले रोज करंट चारा लागते.
अन् रात्री माळ्यावरून एक जरी खाली पडला
तर घाट्यातून घाटा कसा हुडकू?

आयकता काय पण तुम्ही, अंकुशनं विचारलं,
गाणे का भजनं? बास पायजे का?
मले हसू आलं.
आचल अमरावतीले नर्सिंग शिकते.
रात्री धडा मोठ्यानं वाचते, फोनात भरून पाठवते.
म्हणते, बाबा तुम्ही आयकत जा,
म्हणजे मले वाटते कोणी तरी विचारून राह्यलं.
आठ-आठ मिनिटांचे तुकडे.
कवटीचे हाडं झाले, छातीचे झाले,
मधातच मेसच्या भाजीची तक्रार, मधातच खोकला,
मागून एखादी पोरगी, लाइट बंद कर ना वं.
बास नाही पायजे बापा.
खोकला आयकू आला पायजे.

शेवटी एक निघाला, खालच्या खोक्यातून,
मातकट रंगाचा, वायर जाड, डबा दबलेला.
एकशे साठ.
डावी बाजू खरखरते, अंकुशनं आपण होऊन सांगितलं.
चांगलं पोरगं.
म्हटलं, शंभर.
काका, तुम्हीबी ना.
एकशे तीस.

डावी तशीबी गळ्यातच लोंबते माझी.
डावा कान वावराचा,
उजवा पोरीचा.

आज कानाचाच धडा होता.
आत तीन हाडं असतात म्हणे, एकाले एक टेकून,
हातोडी, ऐरण, रिकीब.
शेवटचं तांदळाच्या कणीएवढं.
रिकीब म्हणजे काय वं, म्या अंधारात विचारलं.
पुढच्या तुकड्यात तिनंच सांगितलं,
घोड्यावर बसताना पाय ठेवतात ते.
मंग खोकलली.

तेवढ्यात नाल्याकडून गुणवंताचा हाकारा,
होऽऽ होऽऽ,
डाव्या कानानं.
म्या उजव्यातलं बंद नाही केलं.
वायर सदऱ्यात खुपसली, डबा घेतला, उतरलो,
अन् दवानं भिजल्या हरभऱ्यातून
डबा बडवत पळताना
ती मले सांगत होती
पडदा कसा हलते.